गच्चीवरचं ऊन पाणी मोरीपर्यंत: मॅनिफोल्ड आणि प्लास्टिकच्या नळ्यांची जोडणी, पायरी-पायरीने

मागच्या संक्रांतीला, सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली होती तेव्हा, भवानी पेठेतल्या एका काकूंनी मला घरी बोलावलं. "दादा, सोलर बसवून तीन वर्षं झाली. पण ऊन पाणी यायच्या आधी अर्धी बादली गार पाणी जायलंय बघा. पाळीचं पाणी, असं सांडायला जीव होत नाही." मी मोरीतल्या नळाखाली बादली लावली आणि मापाच्या जगाने मोजत गेलो. हाताला ऊन लागेपर्यंत नऊ लिटर पाणी गेलं. सोलर अगदी ठणठणीत होता. घोटाळा होता तो गच्चीपासून तळमजल्यापर्यंत आलेल्या एक इंची नळीचा.

उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून उपसून आपल्याकडे येतं, तेही रोज येत नाही. त्यातलं बादलीभर रोज गटारात जातं ते फक्त जोडणी चुकल्यामुळे. नवं घर बांधताना किंवा बाथरूम फोडून नवं करताना हे टाळता येतं. नळकामातल्या माझ्या अनुभवातून ते कसं करायचं, हे सांगतो.

नळीच्या पोटात किती पाणी असतं

आधी हा हिशोब समजून घ्या, बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. नळ बंद केला की नळीत उरलेलं पाणी तासाभरात गार होतं. पुढच्या माणसाला ते सगळं बाहेर काढावं लागतं. एक इंची सीपीव्हीसी (ऊन पाण्याला चालणाऱ्या पिवळसर प्लास्टिकच्या) नळीत दर मीटरला साधारण 0.43 लिटर पाणी मावतं, पाऊण इंचीत 0.26 आणि अर्ध्या इंचीत 0.12. सोळा मिलिमीटरच्या कम्पोझिट (प्लास्टिकच्या मध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेल्या) नळीचं आतलं पोट 12 मिलिमीटरचं, म्हणजे मीटरला 0.11 लिटर.

काकूंच्या घरी एक इंची नळी अठरा मीटर होती. म्हणजे पावणेआठ लिटर पाणी नुसतं नळीत. वर नळी स्वतः तापायलाही थोडं ऊन पाणी लागतं, म्हणून मोजमाप नऊवर गेलं. "मोठी नळी टाका, दाब चांगला येईल" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मोठ्या नळीचा फायदा आहे, पण तो फक्त वरच्या थोड्या अंतरापुरता.

मॅनिफोल्ड म्हणजे पितळेची एक जाड नळी. एका टोकाने पाणी आत येतं आणि अंगावर ओळीने चार किंवा सहा तोंडं असतात, प्रत्येक तोंडाला स्वतंत्र कॉक. डाळिंबाच्या बागेत ज्यांनी ठिबक बसवलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल: सबमेनवरून प्रत्येक ओळीला वेगळी लॅटरल निघते, तसंच. इथे प्रत्येक नळाला मॅनिफोल्डपासून आपली एक बारीक, सलग नळी. वाटेत टी (तीन तोंडांचा जोड) नाही, एल्बो (वळणाचा जोड) नाही, भिंतीच्या आत सांधा नाही.

काकूंकडे आम्ही गच्चीखालच्या डक्टमध्ये मॅनिफोल्ड बसवला. वरून तिथपर्यंत चार मीटर एक इंची नळी, म्हणजे 1.7 लिटर. तिथून मोरीपर्यंत नऊ मीटर सोळाची, म्हणजे एक लिटर. बेरीज 2.7. रस्ताही सरळ झाला, त्यामुळे पाच मीटर वाचले. दर अंघोळीला पाच लिटर धरले तर चार माणसांच्या घरात रोज वीस लिटर, एक मोठी बादली.

एक तोटाही आहे, तो आधीच सांगतो. प्रत्येक नळाची नळी वेगळी असल्यामुळे बाथरूममध्ये नुकतंच ऊन पाणी आलं तरी स्वयंपाकघराच्या नळाला आपली नळी वेगळी तापवावी लागते. दोन्ही नळ एकाच भिंतीच्या दोन बाजूंना असतील तर तिथे एकच नळी न्यायला हरकत नाही.

रेडिएटरची गोष्ट थोडक्यात

थंड देशांत हीच पद्धत घरं तापवायला वापरतात. बॉयलरचं गरम पाणी मॅनिफोल्डवरून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरला जातं आणि दुसऱ्या मॅनिफोल्डवरून परत येतं. तेच तेच पाणी बंद चक्रात फिरत राहतं. प्लास्टिकच्या भिंतीतून ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो आणि लोखंडी रेडिएटर गंजतो, म्हणून तिकडे ऑक्सिजन अडवणारा थर असलेली नळी लागते. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, आपल्याला घर तापवायचं नाही. आपलं पाणी उघड्या टाकीतून येतं आणि वापरून संपतं. दुकानदाराने त्या थराचे जादा पैसे सांगितले तर देऊ नका. तिकडचा एक नियम मात्र आपल्याही उपयोगाचा आहे: बॉयलरला प्लास्टिकची नळी थेट जोडत नाहीत, पहिला मीटर धातूचा ठेवतात. सोलरच्या टाकीलाही तसंच करा.

पहिली पायरी: उंची मोजा

नळ्या आणायच्या आधी टेप घ्या. आपल्याकडे बहुतेक घरांत पाणी स्वतःच्या वजनाने खाली येतं. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो. उंची मोजायची ती गार पाण्याच्या टाकीतल्या पाण्यापासून नळापर्यंत, सोलरच्या टाकीपासून मोजायची नाही.

समजा टाकीतलं पाणी गच्चीच्या स्लॅबपासून दोन मीटर वर आहे. वरच्या मजल्यावरचा शॉवर फरशीपासून दोन मीटरवर, मजला तीन मीटरचा. मग शॉवरला मिळाली जेमतेम तीन मीटर उंची. तळमजल्याच्या मोरीतला नळ त्याहून बराच खाली, त्याला सात मीटरच्या आसपास मिळते.

आता सोळाच्या नळीतून मिनिटाला दहा लिटर पाणी हवं असेल, तर घर्षणात दर दहा मीटरला सव्वादोन मीटर उंची खर्च होते. तळमजल्याला ते परवडतं. वरच्या मजल्याच्या शॉवरकडे मग काही उरतच नाही. तिथे वीस मिलिमीटरची नळी घ्या, आतलं पोट 16चं. तेवढ्याच पाण्याला दहा मीटरमागे अर्ध्या मीटरपेक्षा थोडीच जास्त उंची जाते. पोटात पाणी जरा जास्त राहतं, मीटरला 0.2 लिटर, पण वरच्या मजल्याची नळी मुळात आखूड असते. माझा ठोकताळा असा: तळमजल्याला सोळा, गच्चीलगतच्या मजल्याला वीस.

दाब वाढवायला पंप बसवायचा असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. काचेच्या नळ्यांचे घरगुती सोलर बहुतेक बिनदाबाचे असतात, त्यांच्या टाकीच्या आधी पंप लावला तर टाकी फुगते किंवा फुटते. पंप टाकीनंतर, ऊन पाण्याच्या बाजूला, आणि तो ऊन पाण्याला चालणाराच हवा.

दुसरी पायरी: नळी निवडा

पांढरी यूपीव्हीसी ऊन पाण्याला कधीच नाही. साठ अंशांपुढे ती मऊ पडते. जुळे सोलापुरातल्या एका घरी आधीच्या माणसाने सगळी लाईन सीपीव्हीसीची टाकली होती, पण एक एल्बो कमी पडला म्हणून पांढरा जोडला. पहिल्याच मे महिन्यात तो वाकला आणि गच्चीवरचं सगळं पाणी जिन्यातून खाली आलं.

सीपीव्हीसी पिवळसर रंगाची असते. 93 अंशांपर्यंत चालते, सगळीकडे मिळते आणि कुठल्याही प्लंबरला जोडता येते. आयएस 15778 हा मानक क्रमांक छापलेली, एसडीआर 11 (नळीच्या भिंतीच्या जाडीचा वर्ग) असलेली घ्या. पण ती वळत नाही, प्रत्येक वळणाला एल्बो आणि दोन सांधे लागतात.

कम्पोझिट नळीत आत-बाहेर प्लास्टिक आणि मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. हाताने वळते आणि वळवली तशी राहते. मॅनिफोल्डपासून नळापर्यंत मी हीच वापरतो. घेताना नळीवर छापलेलं वाचा: आतला थर पेक्सचा (ऊन पाणी सोसणाऱ्या पॉलिथिलीनचा) हवा आणि ऊन पाण्याचं तापमान स्पष्ट लिहिलेलं हवं. साध्या पॉलिथिलीनची स्वस्त नळी दिसायला तशीच असते, पण ती गार पाण्याची.

तिसरी पायरी: गच्चीवरचं काम

गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा. सोलरला जाणाऱ्या गार लाईनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर ऊन पाणी उलटं वर चढतं. सोलरच्या टाकीवरची हवेची नळी गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर न्या आणि तिचं तोंड कायम उघडं ठेवा. पाणी सांडतं म्हणून तिला डमी (बूच) मारलेली मी पाहिली आहे. त्याने टाकी जाते.

आपल्या गावात पाणी रोज येत नाही, म्हणून एक जास्तीचं काम करा. गार टाकीला दोन तोंडं काढा. सोलरला जाणारं अगदी तळाशी, घरातल्या गार नळांचं त्याच्या वीतभर वर. टाकी रिकामी व्हायला लागली की आधी घरातले गार नळ बंद पडतात आणि सोलर भरलेला राहतो. कोरड्या पडलेल्या काचेच्या नळ्या उन्हात 200 अंशांच्या वर तापतात. त्यात दुपारी गार पाणी सोडलं की काच तडकते. सोलर कधी रिकामा झालाच तर रात्री किंवा उजाडायच्या आत भरा, दिवसा हात लावू नका.

सोलरच्या तोंडाला पहिला एक मीटर तांब्याची किंवा स्टीलची नळी, तिथून पुढे पितळी आट्याचा जोड देऊन सीपीव्हीसी. सीपीव्हीसी तापली की लांबते. सहा मीटरची सरळ नळी पहाटेच्या 15 अंशांवरून दुपारी 75 वर गेली की दोन सेंटिमीटरहून जास्त वाढते. तिला दोन्ही टोकांना आवळून बांधली तर सांधा उखडतो. मध्ये एक मोठं यू वळण द्या आणि क्लिपा नळी सरकेल इतक्या सैल ठेवा. तुलनेला सांगतो, कम्पोझिट तेवढ्याच अंतरात सेंटिमीटरभरही वाढत नाही.

सगळ्या उघड्या नळीवर नायट्राईल रबरचं 19 मिलिमीटरचं वेष्टन घाला आणि वरून ॲल्युमिनियमची पट्टी गुंडाळा. आपलं ऊन प्लास्टिक आणि रबर दोन्ही खातं. जुनी चादर गुंडाळून भागवू नका, पावसात ती भिजते आणि नळी उलट लवकर गार होते.

चौथी पायरी: विसण घालणारा व्हॉल्व्ह

बंबाच्या काळात आई आधी पाण्यात विसण घालायची, कोपर बुडवून बघायची आणि मग लेकराला बसवायची. सोलरचं पाणी उन्हाळ्यात 80 अंशांवर सहज जातं. 60 अंशांचं पाणी पाच सेकंदांत कातडी भाजतं, 70 चं एका सेकंदात. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर मॅनिफोल्डच्या आधी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवाच. तो ऊन पाण्यात आपोआप विसण घालतो. 45 ते 48 अंशांवर लावा. घेताना कमी दाबावर चालणारा मागा, पंपाच्या दाबासाठी बनवलेला आपल्याकडे नीट चालत नाही. त्याचं गार पाणी टाकीच्या तळाच्या तोंडावरून, म्हणजे सोलरच्याच लाईनवरून घ्या. घरातले गार नळ आटले तरी त्याला विसण मिळत राहायला हवं.

वॉल मिक्सरसाठीही हेच तत्त्व. ऊन आणि गार दोन्ही पाणी एकाच टाकीतून यायला हवं. गार पाणी पंपावर आणि ऊन पाणी वजनावर असलं की मिक्सरमधून गार पाणी ऊन पाण्याच्या नळीत घुसतं, आणि लोक सोलरला दोष देत बसतात.

मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं 'गार' पाणीच इतकं तापतं की विसण कशाने घालायचं हा प्रश्न पडतो. तेव्हा सोलरच्या निम्म्या काचेच्या नळ्या जाड कापडाने झाका आणि गार टाकीवर सावली करा.

पाचवी पायरी: मॅनिफोल्ड आणि नळ्या

जागा अशी निवडा जिथे उभं राहून पाना फिरवता येईल. डक्ट, जिन्याखालचा कोपरा, वॉशिंग मशीनच्या मागची भिंत, काहीही चालेल, पण समोर उघडणारं झाकण हवं. ऊन आणि गार पाण्याचे मॅनिफोल्ड वेगळे, एकमेकांपासून हातभर लांब. एक तोंड जास्तीचं घ्या. पुढे कधी गच्चीखाली खोली काढलीत तर भिंत फोडावी लागणार नाही. मॅनिफोल्डच्या आधी एक मुख्य बॉल व्हॉल्व्ह, त्याच्यापुढे जाळीचा गाळक, मग युनियन, म्हणजे सगळा मॅनिफोल्ड सोडवून काढता येतो.

झिरी पाडताना नळीपेक्षा दुप्पट रुंद पाडा. फरशीखालून न्यायची असेल तर नळी आधी पन्हळी आवरणात घाला, ऊन पाण्याला लाल, गार पाण्याला निळं. सिमेंट थेट नळीला चिकटलं तर तिला लांबायला-आखडायला वाव राहत नाही. आवरणात असली की सुटी राहते.

कम्पोझिटचा जोड सावकाश करा, खरं कौशल्य इथेच आहे. कटरने नळी काटकोनात कापा, करवतीने नको. कापलेलं तोंड किंचित अंडाकृती होतं. त्यात कॅलिब्रेटर घालून फिरवा, तोंड गोल होतं आणि आतली धार तिरकी तासली जाते. बोट फिरवून बघा, कुठेही कच लागता कामा नये. ही धार तासली नाही तर फिटिंगवरचं काळं रबरी कडं आत जाताना कापलं जातं. त्या वेळी ते दिसत नाही, वर्षभराने भिंतीला ओल येते तेव्हा कळतं. मग नळी फिटिंगवर सरळ दाबा, स्लीव्हच्या (फिटिंगवरच्या धातूच्या बाहीच्या) छोट्या खिडकीतून नळीचं टोक दिसेपर्यंत. दिसलं नाही तर दाबयंत्र लावू नका. दाबयंत्राचा जबडा त्या फिटिंगसाठीच सांगितलेला असावा. नटबोल्टची पितळी फिटिंगही चालते, पण ती फक्त उघड्यावर, भिंतीत गाडायची नाही.

वळण देताना सोळाच्या नळीला किमान आठ सेंटिमीटरची त्रिज्या द्या आणि वळवण्याची स्प्रिंग वापरा. नळी एकदा चेपली की तो तुकडा टाकून द्या. सरळ करून वापरलेली नळी तिथेच तडकते.

ज्यांना सगळं सीपीव्हीसीतच करायचं आहे त्यांनी उन्हाळ्यात सोल्युशनचा डबा सावलीत ठेवावा. आपल्या हवेत ते झपाट्याने घट्ट होतं. दह्यासारखं झालं की डबा फेकून द्या, पातळ करून वापरू नका. सोल्युशन नळीला आणि सॉकेटला दोन्हीकडे लावा, घालताना पाव फेरा फिरवा, अर्धा मिनिट धरून ठेवा. त्यानंतर 24 तास पाणी नाही.

सहावी पायरी: तपासणी, प्लास्टरच्या आधी

गिलावा करायची गवंड्याला नेहमी घाई असते. त्याला एक दिवस थांबवा. सोलरची टाकी आणि मिक्सर कॉकने वेगळे करा, नळांच्या जागी डमी लावा, पाणी भरून सगळी हवा काढा आणि हाताच्या टेस्टिंग पंपाने सहा किलो दाब द्या. पहिल्या अर्ध्या तासात काटा थोडा उतरेल, प्लास्टिक फुगतं म्हणून. पुन्हा सहावर आणा आणि रात्रभर ठेवा. सकाळी गारव्याने जरा खाली आला असेल तर ठीक, पण उतरतच राहिला तर प्रत्येक जोडावर कोरडं वर्तमानपत्र गुंडाळून बघा, ओला ठिपका लगेच दिसतो. हवेच्या दाबाने तपासू नका, फिटिंग उडून माणूस जखमी होतो.

झिऱ्या बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, चित्रात मोजपट्टी दिसेल असा. मॅनिफोल्डच्या प्रत्येक कॉकला मराठीत चिठ्ठी लावा: मोरी, वरचं बाथरूम, स्वयंपाकघर, भांडी. गळती झाली तर घरातल्या कुणालाही तेवढाच एक कॉक बंद करता यायला हवा, बाकी घराचं पाणी चालू राहतं.

क्षारांचा बंदोबस्त

शहराच्या नव्या वस्त्यांत बोअरचं पाणी सर्रास वापरलं जातं आणि ते जड असतं. जितकं जास्त तापेल तितका पांढरा थर बसतो. तांब्याच्या पट्ट्यांचा सपाट सोलर अशा पाण्यात लवकर तुंबतो, काचेच्या नळ्यांचा बराच तग धरतो. शक्य असेल तर सोलरला फक्त उजनीचं पाणी द्या आणि बोअरचं संडास-अंगणापुरतं ठेवा. दर सहा महिन्यांनी, दिवस मावळल्यावर, सोलरच्या टाकीचा तळाचा कॉक उघडून गाळ जाऊ द्या आणि उजाडायच्या आत टाकी पुन्हा भरा. मॅनिफोल्डपुढच्या गाळकाची जाळी काढून ब्रशने घासा. विसणाच्या व्हॉल्व्हवर क्षार बसले की पाणी कधी कढत, कधी गार येऊ लागतं. तो उघडून आतला भाग तासभर व्हिनेगरमध्ये बुडवा, धुवा, पुन्हा बसवा आणि पहिल्या अंघोळीआधी थर्मामीटरने पाणी मोजून बघा.